रेघेची जाडी किती?

(जमीन, नकाशे, ड्रोन आणि उपग्रह यांविषयी वाचकांनी पाठवलेले प्रश्न. उत्तरं देत आहेत भूमी अभिलेख खात्यात १९९१ ते २०२२ अशी एकतीस वर्षं मोजणीचं काम केलेल्या एक निवृत्त भूकरमापक.)

प्रश्न : सातबाऱ्यावर माझं एक एकर क्षेत्र आहे. मोबाइलमधलं ॲप चालू ठेवून बांधाबांधाने फिरलो, तर ३८ गुंठेच भरलं. शेजारचा भाऊबंद दरसाल नांगर आत घालतो असा माझा संशय आहे. हा पुरावा चालेल का?
– एक शेतकरी, मोहोळ

उत्तर : दादा, या ३८ गुंठ्यांवरून भांडणाला उभं राहू नका. संशय खराही असेल, पण मोबाइलच्या आकड्याने तो ना खरा ठरतो, ना खोटा.

मोकळ्या आभाळाखाली साधा मोबाइल तुमची जागा चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश पोचायला किती वेळ लागला, यावरून तो अंतर काढतो. या वेळेत एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाची गफलत झाली, तरी अंतर ३० सेंटीमीटरने चुकतं. आता तुमच्या एकराचा हिशोब करू. रान चौकोनी धरलं तर एक बाजू सुमारे ६३.६ मीटर येते. एकाच बांधाची रेघ तीन मीटर आत सरकली, की १९१ चौरस मीटर गेले. म्हणजे जवळपास १.९ गुंठे. तुमचे कमी भरलेले दोन गुंठे मोबाइलच्या चुकीतच मावतात. शिवाय सातबाऱ्यावरच्या एकूण क्षेत्रात पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, धरलेला असतो. ओढ्याची कड किंवा खडकाळ कोपरा सोडून फिरला असाल, तर तेवढं क्षेत्र ॲपमध्ये आलेलंच नाही. एकदा सातबारा काढून पोटखराब्याचा रकाना बघा.

आता गावनकाशाबद्दल सांगते, कारण पुढचा घोटाळा तिथे होतो. काही जण गावनकाशा मोबाइलवर उघडून उपग्रहाच्या चित्रावर ठेवतात आणि म्हणतात, बघा, माझी हद्द त्याच्या विहिरीतून जाते. आपल्याकडच्या जुन्या मोजण्या शंकू-साखळीच्या. साखळी ३३ फुटी, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. या मोजणीवरून जे गावनकाशे झाले, त्यांत १ इंचाला २० साखळ्या, म्हणजे ६६० फूट, असं माप असतं. अशा नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ ओढली, तर ती जमिनीवर चार मीटर जाड होते. गाव कुठे, गट कुठे, शेजारी कोण, हे सांगण्यासाठी तो नकाशा आहे. बांध फुटाफुटाने ठरवायला तो केलेलाच नाही. त्यासाठी टिपण असतं. मूळ मोजणीच्या वेळी प्रत्येक बाजूचे साखळी-आणे ज्या कागदावर टिपले, ते टिपण. मी नोकरीला लागले तेव्हा आमचे निरीक्षक पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, नकाशा बघून जा आणि टिपण बघून मोज. एकतीस वर्षांत मी हे मोडलं नाही.

आजची मोजणी रोव्हरने, म्हणजे काठीवर बसवलेल्या आणि उपग्रहांचे संदेश घेणाऱ्या यंत्राने होते. लोक त्याला काठीवरचं ताट म्हणतात. तो अचूक का, हे दुकानातल्या काट्यावरून समजेल. काट्यावर खात्रीचं किलोचं माप ठेवलं आणि काट्याने १ किलो ५० ग्रॅम दाखवलं, तर पुढे तोललेल्या साखरेतून तुम्ही ५० ग्रॅम वजा कराल. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात ७७ ठिकाणी कायमची केंद्रं बसवली आहेत. त्या केंद्राची जागा पक्की माहीत असते. उपग्रह त्या घडीला तिथे किती चूक दाखवतात ते केंद्राला कळतं, आणि तेवढी दुरुस्ती मोबाइलच्या जाळ्यावरून तुमच्या रानातल्या रोव्हरला पोचते. त्यामुळे चूक तीन ते पाच सेंटीमीटरवर येते.

पण रोव्हर आणला म्हणजे झालं, असंही नाही. हे मी माझ्या माहेरच्या रानात बघितलंय. भावाने कुंपण घालण्याआधी एका खाजगी मोजणीवाल्याला बोलावलं. चांगलं यंत्र, नवी गाडी. ईशान्येच्या कोपऱ्यावर जुनी चिंच आहे. तिच्या दाट फांद्यांखाली त्याने काठी टेकवली, बटण दाबलं आणि खुणेची खुंटी ठोकली. त्या खुंटीवरून दोरी धरून सिमेंटचे अकरा खांब उभे राहिले. पुढे सरकारी मोजणी आली, तेव्हा खुंटी सव्वा मीटर शेजाऱ्याच्या रानात निघाली. अकराही खांब उपटावे लागले. सगळ्यात वाईट म्हणजे शेजारच्या काकांनी आमच्याकडे येणं सोडलं. त्यांचं म्हणणं, तुम्ही मुद्दाम केलंत.

झालं होतं इतकंच की रोव्हरच्या पडद्यावर त्या वेळी ‘फ्लोट’ असणार. पडद्यावर ‘फिक्स’ येतं तेव्हाच सेंटीमीटरचा भरवसा धरायचा. झाडाखाली, उंच भिंतीच्या किंवा लोखंडी पत्र्याच्या शेडच्या कडेला काही उपग्रह दिसत नाहीत, काहींचे संदेश आपटून वळसा घालून येतात, आणि यंत्र बराच वेळ फ्लोटवर अडकून राहतं. ज्याला घाई आहे तो तसाच बिंदू घेतो. अशा ठिकाणी मी काय करायचे ते सांगते. झाडाच्या सावलीबाहेर मोकळ्यावर दोन बिंदू घ्यायचे, आणि त्यांच्यापासून टेप धरून कोपरा काढायचा. काठीवरचा बुडबुडा मधोमध आहे ना, हे दरवेळी वाकून बघायचं. मग अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा काठी टेकवायची. दोन्ही वेळचे आकडे जुळले, तरच वहीत.

तर दादा, तुम्ही भूमी अभिलेख खात्याच्या ई-मोजणी या ऑनलाइन सोयीतून हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. त्या दिवशी भाऊबंदाला स्वतः जाऊन बोलवा, नोटिशीवर सोडू नका. मोजणीला आलेल्यांना दोन गोष्टी नम्रपणे सांगा. पहिलं काम म्हणून एखाद्या जुन्या, वादात नसलेल्या दगडावर रोव्हर ठेवून ताळा दाखवा, आणि प्रत्येक कोपऱ्यावर पडदा आम्हा दोघांना बघू द्या. मोजणी झाल्यावर ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची तुमची प्रत, हातात घ्या. पटलं नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते. तोवर त्या बांधाला नांगर लावू नका, तुम्हीही आणि त्यांनीही.

प्रश्न : आमच्या गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली. नकाशात आमचं घर आहे त्यापेक्षा मोठं दिसतंय, आणि शेजारणीचा बोळ अर्धा आमच्यात आलाय. ती म्हणते तुम्ही पैसे चारले. ड्रोन खोटं कसं बोलेल?
– एक वाचक भगिनी, खटाव

उत्तर : ताई, ड्रोनने बरोबरच टिपलंय. फक्त त्याला वरून तुमचं छप्पर दिसलं. भिंत दिसली नाही. कौलारू घराची वळचण भिंतीच्या दोन-अडीच फूट बाहेर येते. पावसाच्या पागोळ्या ज्या बोळात पडतात तो बोळ वरून छपराखाली झाकला जातो, आणि चित्रावरून रेघ ओढणारा माणूस पत्र्याच्या किंवा कौलाच्या कडेनेच रेघ ओढतो.

म्हणूनच उड्डाणाआधी गावात चुन्याच्या रेषा मारायच्या असतात. मी नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत हे काम केलं. सकाळी सातला सुरुवात. घराघरांतल्या बायका घमेल्यातून चुना आणायच्या आणि आपापल्या परड्याची, गोठ्याची, उकिरड्याची कड स्वतः आखायच्या. जिथे दोन घरांतल्या बायकांनी मिळून रेघ मारली, तिथे पुढे एकही हरकत आली नाही. जिथे घरमालक परगावी होता आणि शिपायाने अंदाजाने चुना टाकला, तिथल्या हरकतींनी फाईल भरली.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. पंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत, नाव असतं, पण घराचा मोजलेला नकाशा बहुतेक गावांत कधी नव्हताच. महाराष्ट्रात ड्रोनने गावठाण मोजायची सुरुवात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावापासून झाली, मल्हारगडाच्या पायथ्याचं गाव. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी याच कामाची केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. हे नकाशे १:५०० मापाचे असतात. मघाचा हिशोब इथे लावला, तर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ सेंटीमीटर होते. शेतीच्या गावनकाशापेक्षा कितीतरी बारीक, तरी वळचणीची चूक त्याहून मोठी आहे.

चौकशीच्या वेळी हरकत द्या, आणि ती शेजारणीबरोबर मिळून द्या: छप्पर अमुक फूट बाहेर आहे, भिंत इथे आहे, बोळ इतक्या रुंदीचा आहे. टेपने मोजून दोघींच्या सह्या करा. सनद आणि मालमत्ता पत्रक हे घराच्या जागेच्या हक्काचे कागद तयार होण्याआधी हे सोपं असतं, नंतर फेऱ्या वाढतात. आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगते. पत्रकावर कुणाची नावं चढतायत ते वाचून घ्या. कर्ज काढताना, वाटणी होताना तोच कागद पुढे येणार आहे, आणि त्यावर घरातल्या बाईचं नाव असायला हवं तिथे ते आहे की नाही, हे बघायला पुष्कळदा कुणीच जात नाही.

प्रश्न : माझा ३० गुंठे ऊस आहे. उपग्रहावरून पिकाची तब्येत सांगणारे संदेश मोबाइलवर येतात: ‘पश्चिम भागात पाण्याचा ताण’. जाऊन बघितलं तर ऊस झ्याक. यावर विश्वास ठेवायचा की नाही?
– एक ऊस उत्पादक, माळशिरस

उत्तर : ठेवा, पण उपग्रहाचा ठिपका केवढा असतो ते आधी समजून घ्या. शेतीसाठी सगळ्यात जास्त वापरली जाणारी फुकट चित्रं युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची. त्यांचा एक ठिपका १० मीटर लांब, १० मीटर रुंद. म्हणजे १०० चौरस मीटर. आपला गुंठा १०१. उपग्रहाचा एक ठिपका म्हणजे आपला एक गुंठा! हे जुळणं योगायोगाचं आहे, पण शेतकऱ्याला समजावायला याहून चांगलं माप मला सापडलेलं नाही. त्या गुंठ्यात जे काही आहे, ऊस, पाट, बांधावरची बाभळ, त्या सगळ्याचा मिळून एकच रंग उपग्रहाला दिसतो.

तुमची पट्टी शंभर मीटर लांब आणि तीस मीटर रुंद असेल, तर रुंदीत तीनच ठिपके बसतात. तेही तुमच्या बांधाला चिकटून बसत नाहीत. कडेचे ठिपके अर्धे तुमच्या उसाचे, अर्धे शेजारच्या पडीक रानाचे. पश्चिमेला शेजाऱ्याने नुकतंच रान मोकळं केलंय का, ते बघा. माझा अंदाज तोच आहे. निखळ तुमच्या उसाचे ठिपके फार तर मधल्या दोन रांगांत मिळतील. त्यांच्यावरचा संदेश मनावर घ्या, कडेचा सोडून द्या.

हिरवं पान आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश जोरात परत फेकतं. ताण पडला, रोग आला की ते फेकणं कमी होतं, आणि उपग्रह हे दर पाच दिवसांनी बघतो. वीस एकराच्या सलग फडात, जिथे मालक रोज आतपर्यंत जाऊ शकत नाही, तिथे हे फार कामाचं. कारखान्याला कोणत्या गटात ऊस उभा आहे, कुठला तोडला, याचा ताळा घ्यायला तर उत्तमच. तीस गुंठेवाल्याला सकाळची फेरी अजून जास्त सांगते.

पावसाळ्यात ढगांमुळे या उपग्रहांना कित्येक आठवडे जमीन दिसतच नाही. ढगांतून पार बघणारे रडारचे उपग्रह वेगळे. इस्रो आणि नासा यांचा निसार हा त्यातलाच, ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. त्या संदेश पाठवणाऱ्यांना एवढंच विचारा की चित्र कोणत्या तारखेचं आहे. तारीख सांगता आली नाही, तर संदेश सोडून द्या.

प्रश्न : बंदरावर मासळी कुठे मिळेल याचा संदेश लागतो. आमचे जुने तांडेल त्याकडे बघत नाहीत. उपग्रहाला पाण्यातलं म्हावरं दिसतं का?
– हर्णै बंदरावरून

उत्तर : नाही, मासा दिसत नाही. हैदराबादचं इन्कॉइस हे केंद्र हा सल्ला देतं. उपग्रह समुद्राच्या वरच्या थराचं तापमान मोजतो आणि पाण्याचा रंग बघतो. पाण्यात बारीक वनस्पती, प्लवक, वाढले की रंग बदलतो. त्यांच्यावर बारीक मासळी येते आणि तिच्यामागे मोठी. जिथे थंड आणि उबदार पाण्याची शीव लागते तिथे हा चारा जमतो. म्हणून सल्ल्यात बंदरापासूनची दिशा, अंतर आणि खोली दिलेली असते.

इथली रेघ काही किलोमीटर जाड आहे, आणि पाणी थांबून राहत नाही. काल दिसलेली शीव आज सरकलेली असते. तुमचे तांडेल वारा, करंट आणि पाण्याचा वास बघून जे ठरवतात ते याच्याशी भांडत नाही. संदेशाने डिझेल कोणत्या दिशेला जाळायचं ते ठरवावं, जाळं कुठे टाकायचं ते तांडेलाने. जून-जुलैच्या बंदीत हा सल्ला येत नाही, दाट ढग असले तरी येत नाही.

प्रश्न : आईला रात्री त्रास झाला, रुग्णवाहिका आमची गल्ली शोधत पाऊण तास फिरली. डिजिपिनने हे टळेल का?
– धनकवडी, पुणे

उत्तर : बरंचसं टळेल, समोरच्याकडे तो वाचण्याची सोय असेल तर. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी आला. टपाल खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर यांचं ते काम. पत्र योग्य टपाल कार्यालयात पोचावं, एवढंच त्याने करायचं होतं. तुमच्या दारापर्यंत पोचवणं त्याच्याकडे कधीच नव्हतं. टपाल खात्याने २०२५ च्या मे महिन्यात आणलेला डिजिपिन दहा अक्षर-अंकांचा आहे, आणि तो साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो. त्यात नाव-गाव काही नसतं, फक्त जागा. मजला मात्र कळत नाही, सातवा काय नि तळमजला काय, चौकोन एकच. डिजिपिन काढताना दाराबाहेर रस्त्यावर उभं राहून काढा. आतल्या खोलीत मोबाइल मागच्या गल्लीत उभा असल्याचंही दाखवू शकतो. तो, जवळची ठळक खूण आणि मजला असं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ लावा. आईच्या उशाशीही एक ठेवा.

प्रश्न : मी भूगोल घेऊन बी. ए. झालो. या क्षेत्रात खरंच काम आहे का? महागडा कोर्स परवडणार नाही.
– एक विद्यार्थी, उदगीर

उत्तर : काम आहे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी भारतीय संस्थांना नकाशे करण्यासाठी आधी परवानगी काढण्याची अट गेली. तेव्हापासून हे काम सरकारी कचेरीबाहेर झपाट्याने पसरलं. वीज कंपनीला प्रत्येक खांब आणि रोहित्र नकाशावर हवंय. पालिकेला घरपट्टीसाठी इमारती हव्यात. खाणीतून किती मुरूम निघाला हे ड्रोनच्या चित्रांवरून ब्रासमध्ये काढणारी माणसं हवीत. विमा, गॅसच्या वाहिन्या, घरपोच सामान, सगळीकडे कुणीतरी नकाशा करतंय.

पैसे भरायची घाई करू नका. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था ऑनलाइन वर्ग मोफत घेते. इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर बघायला पुष्कळ आहे. नागपूरला राज्याचं सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, तिथल्या जागांच्या जाहिराती बघत राहा.

पण मुलाखतीला येणाऱ्या मुलांत मला एक उणीव नेहमी दिसायची. पडद्यावर रेघ सुंदर ओढतात, आणि ती जमिनीवर किती जाड आहे हे विचारलं की गप्प होतात. म्हणून कोर्सच्या आधी हे करा. स्वतःच्या गावच्या विहिरी आणि हातपंप मोबाइलवर टिपा. त्यातल्या दहा ठिकाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा जा आणि दोन्ही वेळचं अंतर किती आलं ते लिहून ठेवा. प्रत्येक विहिरीपाशी आसपासच्या जुन्या माणसाला त्या रानाचं नाव विचारा. खारी, चिंचेचा माळ, गायमुखाचं रान, अशी नावं कोणत्याच उपग्रहात नसतात, आणि ती माहीत असलेली माणसं आता थोडी उरली आहेत. नकाशा झाला की मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. खालच्या कोपऱ्यात मे महिन्यात पाणी असलेल्या विहिरी किती, तेही लिहा. मी वाचून उत्तर देईन.